मागून आलेला पाय

हिवाळ्यात बर्फावरून चालताना काका कुणालाही आपल्या मागे चालू देत नसत. पार्किंग लॉट असो, महाराष्ट्र मंडळाच्या हॉलबाहेरचा रस्ता असो, ते थांबायचे, बाजूला सरकायचे आणि हाताने खूण करायचे, पुढे व्हा. बायकांना, म्हाताऱ्यांना, एकदा तर एका पोलिसालाही. पोस्टाबाहेर त्यांना एकदा एक सभ्य अमेरिकन म्हातारा भेटला. तो म्हणाला, आधी तुम्ही. काका म्हणाले, आधी तुम्ही. दोघंही हटेनात. काकू आत गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, पार्सल पाठवून बाहेर आल्या, तरी दोघं तिथेच उभे होते. "चला," काकू म्हणाल्या, "मी मध्ये चालते. माझे पाय तुमच्या ओळखीचे आहेत."

काका मूळचे मिरजेकडचे. फार पूर्वी शिकायला मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आले आणि तिथेच राहिले. एका मोटार कंपनीच्या चाचणी विभागात नोकरी केली आणि निवृत्त झाले. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा ते निवृत्त होते आणि त्यांना जगात एकाच गोष्टीत रस उरला होता. बर्फावरच्या हॉकीत एक खेळाडू दुसऱ्याला पाय घालून पाडतो, तेव्हा त्याचं काय करायचं?

व्यावसायिक हॉकीत याला सहसा दोन मिनिटांची शिक्षा असते. दोन मिनिटं खेळाडू बाकावर बसतो, त्याचा संघ एक गडी कमी घेऊन खेळतो, मग तो परत येतो. काकांचं म्हणणं, समोरून काठी किंवा पाय अडकला तर दोन मिनिटं ठीक. पण मागून येऊन एखाद्याचे पाय त्याच्याखालून काढून घेतले, तर त्याला पुढचे सामने खेळूच देऊ नयेत. समोरून अडखळलेला माणूस पडताना हात पुढे टाकतो. मागून पाय गेले की तो पाठीवर पडतो, डोकं आधी आपटतं, आणि बर्फ म्हणजे सिमेंट.

हे ते कुणालाही सांगत. दारातल्या कोट अडकवायच्या स्टँडला ते स्वतः पाय घालून दाखवायचे, एकदा समोरून, एकदा मागून, म्हणजे पाहुण्याला फरक कळावा. पाहुणे यायचे असले की काकू आधी स्टँडवरचे कोट काढून पलंगावर ठेवायच्या.

त्यांचा टीव्ही बघण्यासारखा होता. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर त्यांनी खाकी कागद चिकटवला होता. सामना लागला की खाली फक्त पाय दिसत. आवाज बंद. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा विचारलं, "काका, टीव्ही बिघडलाय का?"

"टीव्ही बरा आहे. माणसं बिघडतात," ते म्हणाले. "चेहरा दिसला की माणूस माफ तरी करतो नाहीतर चिडतो तरी. पाय बघायचे. पाय खोटं बोलत नाहीत."

काकूंच्या मालिकांच्या वेळी कागद सोडवायची परवानगी होती, पण काकांना त्याची आठवण राहत नसे आणि काकूंना कंटाळा येई. त्यामुळे काकूंनी कित्येक घरांतली भांडणं, लग्नं आणि विषप्रयोग कमरेखालूनच पाहिले. "साड्या छान दिसतात," त्या म्हणायच्या.

मी शिकायला आलो नव्हतो, हे आधी सांगून टाकतो. नागपूरहून बहिणीने बोलावलं, तिच्या नवऱ्याच्या गॅस स्टेशनवर उभा राहिलो, तो माणूस मला फुकट राबवतोय हे लक्षात आल्यावर त्याच्याशी भांडलो आणि बाहेर पडलो. मग जुन्या गाड्या घेऊन विकायला लागलो. आधी एक गाडी, मग शहराबाहेरच्या रस्त्यावर लहानसा लॉट. माझं गिऱ्हाईक म्हणजे युनिव्हर्सिटीत नव्याने आलेली पोरं. पुण्याची, मुंबईची, नागपूरची. त्यांना पहिली गाडी हवी असते आणि तिच्यातलं काही कळत नसतं. मी त्यांना फसवलं नाही. घासाघीस केली, ती माझा धंदा आहे. घासाघीस ज्याला जमत नाही त्याने जुनी गाडी घेऊ नये.

ही पोरं मला काकांकडे भेटायची. काका दर हिवाळ्यात घरामागच्या अंगणात बर्फाचं मैदान करायचे. मिशिगनमध्ये पुष्कळ लोक करतात. कडेने फळ्या लावायच्या, आणि थंडी कडक झाली की संध्याकाळी बागेच्या नळीने पाण्याचा पातळ थर सोडायचा. तो गोठला की दुसरा. काका कानटोपी घालून हे काम इतक्या मन लावून करत की शेजारच्या बाईंना वाटायचं हा माणूस कॅनडाचा असावा. रविवारी सकाळी पोरं यायची. स्केटिंग कुणालाच येत नव्हतं, म्हणून साधे बूट, हॉकीच्या काठ्या आणि टेनिसचा बॉल. पुणे-मुंबई एकीकडे, बाकीचा महाराष्ट्र दुसरीकडे. काका मधोमध शिट्टी घेऊन. खेळ संपला की स्वयंपाकघरात काकूंची थालीपिठं.

मी बाकीच्या महाराष्ट्राचा कप्तान होतो. बढाई नाही, पण त्या अंगणात माझ्यासारखा खेळणारा कुणी नव्हता. मी नागपुरात कबड्डी खेळलो होतो, पायात जोर होता. काकाही तरुणपणी कबड्डीच खेळले होते. मला वाटतं म्हणूनच सुरुवातीला आमचं जमलं. गोल झाला की ते शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे बघून मान हलवायचे. त्यांनी दुसऱ्या कुणाकडे बघून मान हलवलेली मला आठवत नाही.

रेडिओचं सांगायला हवं. आमच्याकडे दुपारी खेळांचा एक कार्यक्रम लागायचा. लोक फोन करून आपलं मत द्यायचे. काका नेहमीचे होते. त्यांची सुरुवात ठरलेली: "नमस्कार, मी पायांबद्दल बोलायला फोन केलाय." कार्यक्रम चालवणारा माणूस हसायचा. "आले आपले पायवाले डॉक." काका डॉक्टर नव्हते, पण त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. आधीच्या आठवड्यात कुणी कुणाला पाडलं असेल ते ते सांगायचे, पाय कुठे होता ते सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "याला बंदी हवी होती." मग त्या माणसाचा ठरलेला प्रश्न यायचा, "पण डॉक, त्याने मुद्दाम केलं का?" आणि काकांचं ठरलेलं उत्तर, "ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. समोरून आलेला पाय चूक असतो. मागून आलेला पाय निर्णय असतो."

मी लॉटवरच्या ऑफिसात हे ऐकायचो. मला पटायचं नाही. धावत्या खेळात वीस गोष्टी एकदम होतात. पंच तिथे उभा असतो, तो बघतो, शिक्षा देतो. विषय संपला. घरी बसून, कागद लावलेल्या टीव्हीवर पाय बघून दुसरी शिक्षा देणारे आपण कोण? मी काकांना हे तोंडावर म्हणालो होतो. ते म्हणाले, "तू दुकानदार आहेस, तुला तरी कळायला हवं. दोन मिनिटं ही शिक्षा नाही, किंमत आहे. किंमत लावलेली असली की माणूस हिशेब करतो, परवडत असेल तर विकत घेतो. समोरचा गोल करणार असेल तर दोन मिनिटांत त्याचं डोकं फोडणं स्वस्त आहे."

"मग किंमत वाढवा. चार मिनिटं करा."

"वाढवली तरी किंमतच ती."

एका हिवाळ्यात व्यावसायिक हॉकी झालीच नाही. मालक आणि खेळाडू यांचं पैशांवरून फाटलं आणि सगळा मोसम रद्द झाला. मला ते लोक मूर्ख वाटले. मला त्या खोलीत एक दुपार बसवलं असतं तर मी मिटवून दिलं असतं. काका मात्र शांत होते. त्यांनी अंगण त्या वर्षी मोठं केलं, फळ्या पार मेपलच्या झाडापर्यंत नेल्या. रेडिओवाल्याने त्यांना विचारलं, "डॉक, आता तर सगळ्यांवरच बंदी आली, खूश ना?" काका म्हणाले, "कारण चुकीचं आहे."

पुढच्या हिवाळ्यात हॉकी परत सुरू झाली आणि त्याच हिवाळ्यात माझं झालं.

रविवार होता. आम्ही एका गोलने मागे होतो. निखिल नावाचा पुण्याचा पोरगा बॉल घेऊन माझ्या पुढून निघाला. चांगला मुलगा. कुठल्यातरी प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होता, गाडी माझ्याकडूनच घेतलेली. मी त्याच्या मागे धावलो. पुढे काय झालं ते मी अनेकांना अनेकदा सांगितलंय, आणि आजही तेच सांगेन. कबड्डीत चढाईला गेलेला माणूस पाय लांबवून समोरच्याला शिवतो. तो पाय विचार करून जात नाही, वर्षानुवर्षांच्या सवयीने जातो. माझा गेला. निखिलच्या घोट्यांना मागून लागला, त्याचे दोन्ही पाय हवेत गेले आणि तो पाठीवर आला. जाड टोपी होती म्हणून डोकं वाचलं. उजवा हात मात्र अंगाखाली गेला. मनगट मोडलं.

काकांनी शिट्टी वाजवली नाही. ते चालत आले, निखिलचा हात पाहिला, एकाला गाडी काढायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. माझ्या तोंडाकडे नाही, बुटांकडे बघत म्हणाले, "सगळा हिवाळा बंद."

"कोण?"

"तू."

"काका, अहो सवय आहे पायाची. तुम्ही खेळलाय ना कबड्डी?"

"खेळलोय म्हणून सांगतो. मातीवर तो गुण आहे. तिथे पडला तर धूळ झटकून उठतो. हे काय आहे खाली?"

निखिलला दोघांनी धरून उभं केलं होतं. तोंड पांढरं पडलं होतं, तरी तो म्हणाला, "काका, जाऊ द्या ना. ॲक्सिडेंट होता यार."

"तू मध्ये बोलू नकोस," काका म्हणाले. "तुझी पाठ होती. तुला काय दिसलं?"

पोरं गोल करून उभी होती. मला राग आला की माझे कान तापतात, त्या थंडीतही तापले. पण राग आला तरी मी सौदा सोडत नाही.

"एक रविवार," मी म्हणालो.

"सगळा हिवाळा."

"दोन. आणि निखिलला हॉस्पिटलमध्ये मी नेतो, पुढचंही सगळं बघतो."

"ते तू तसंही बघायला हवंस."

"तीन रविवार. काका, तीन. याच्यावर कुणी देणार नाही."

"मी काही विकत नाहीये," काका म्हणाले आणि घरात गेले.

मी जन्मात इतके सौदे केले. समोरचा ओरडतो, रडतो, उठून जातो, पण आकडा हलतो. हा एकच माणूस, ज्याने माझ्याकडून तीनचा आकडा काढून घेतला आणि स्वतः जागचा हलला नाही.

निखिलची गाडी हाताने गिअर टाकायची होती. मीच विकली होती, स्वस्त पडते म्हणून. प्लॅस्टरमधल्या हाताने ती चालवता येईना. प्लॅस्टर निघेपर्यंत रोज सकाळी मी त्याला लॅबमध्ये सोडलं. त्याचे प्रयोग अडले, त्याचा प्रोफेसर कुरकुर करायचा, उन्हाळ्यात संपायचं काम पुढे गेलं. गाडीत तो मला हे सगळं सांगायचा, तक्रार म्हणून नाही, गप्पा म्हणून. मी ऐकून घ्यायचो. हे रेडिओवर कधी कुणी सांगितलं नाही.

रेडिओवर जे सांगितलं ते असं. त्याच सुमारास एका व्यावसायिक सामन्यात एका खेळाडूने दुसऱ्याला अगदी तसंच मागून पाडलं. कोणते संघ होते ते आता महत्त्वाचं नाही. पडलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून नेलं. पाडणाऱ्याला दोन मिनिटं, पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे त्यावरच बोलत होते. मी ऑफिसात होतो, समोर नागपूरचीच दोन पोरं गाडी बघायला आलेली. आणि काकांचा आवाज आला.

"मी पायांबद्दल बोलायला फोन केलाय."

"बोला डॉक. आज तुमचाच दिवस आहे."

"लीगला जमत नाही म्हणता. माझ्या घरामागे अंगण आहे. तिथे याच महिन्यात एकाने एका मुलाला मागून पाडलं. मी त्याला सगळा हिवाळा बंद केलं. माझा सगळ्यात चांगला खेळाडू होता. जुन्या गाड्या विकतो."

रेडिओवाला खदखदून हसला. "गाड्या विकतो? मग मुद्दामच केलं असणार."

काका म्हणाले, "मी त्याला विचारलं नाही."

समोरच्या दोन पोरांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्या गावात जुन्या गाड्या विकणारा मराठी माणूस एकच होता. पोरं "विचार करून सांगतो" म्हणाली आणि गेली. ती परत आली नाहीत.

दुसऱ्या कुठल्या धंद्यात असतो तर गोष्ट वेगळी होती. पण जुनी गाडी विकणाऱ्याकडे माणूस एकच गोष्ट शोधतो, हा आपल्याला मागून पाडणार नाही ना. मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एक बाई तिळगूळ देताना म्हणाल्या, "तुम्हीच का ते रेडिओवरचे?" कॉलेजातली पोरं आपसात मला काय म्हणत हे निखिलने मला गाडीत सांगितलं, हसत हसत. मी हसलो नाही. लॉट उभा करायला मला किती वर्षं लागली होती ते मला माहीत होतं. मला एकच गोष्ट हवी होती. काकांनी चारचौघांत म्हणावं, त्याने मुद्दाम केलं नाही. तेवढं एक वाक्य.

मी त्यांच्या घरी गेलो. काकू म्हणाल्या, "आत ये. बंदी बर्फावर आहे, माझ्या स्वयंपाकघरात नाही." मी चहा घेतला नाही.

"काका, तुम्ही माझं नाव घालवलं."

"नाव कुठे घेतलं मी?"

"लहान पोरालाही कळलं कोण ते. काहून असं केलं तुम्ही?"

"तुझं नागपूर बाहेर यायला लागलं," काका म्हणाले. "बस."

"नाही बसत. मुद्दाम होतं का, सांगा तुम्ही. तुम्ही समोर उभे होता."

"मी पाय बघत होतो."

"तुम्हाला माहीत आहे मुद्दाम नव्हतं. मग बोला ना रेडिओवर. एक वाक्य."

काका म्हणाले, "ते वाक्य बोललो की माझं बाकीचं सगळं बोलणं फुकट. ऐकणारा तेवढंच धरून बसेल. म्हणेल, मुद्दाम नव्हतं ना, मग बंदी कशाला? इतकी वर्षं मी काय सांगतोय? त्या निखिलला जाऊन सांग मुद्दाम नव्हतं म्हणून. त्यामुळे त्याचं मनगट कमी मोडलं का?"

"तुमच्या मुद्द्यासाठी माझा बळी."

"बळी कसला. एक हिवाळा." आणि दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "आणि तू तीन रविवार म्हणालास ना, तेव्हाच बंदी हवी हे तू कबूल केलंस. आपला वाद आता फक्त किती एवढाच आहे."

मी दार जोरात लावलं. स्टँड आत पडल्याचा आवाज आला.

तो हिवाळा मी बर्फावर पाऊल ठेवलं नाही. रविवारी मात्र जायचो. त्यांच्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून, हीटर चालू ठेवून बसायचो. घराच्या बाजूने अंगणाचा एक तुकडा दिसे. कुणाचा बॉल तिकडे आला की तो पळत यायचा, मला बघायचा आणि बॉल घेऊन निघून जायचा. बाकीचा महाराष्ट्र दर रविवारी हरत होता. खेळ संपला की काकू शाल गुंडाळून बाहेर यायच्या आणि काच खाली करायला लावून फॉइलमधलं थालीपीठ आत द्यायच्या. "लोणी वेगळं ठेवलंय," एवढंच म्हणायच्या. काका खिडकीत उभे राहून बघायचे. त्यांनी हात केला नाही, मीही नाही.

पुढच्या वर्षी पहिली कडक थंडी पडली आणि काकांचा फोन आला. "अंगणात बर्फ धरलाय. बंदी संपली. रविवारी ये."

मी जाणार नव्हतो. गेलो.

बरीच पोरं नवीन होती. निखिल होता, पण तो आता गोलात उभा राहायचा. खेळ सुरू झाला. थोड्या वेळात माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे पाठ करून कुणी धावत नाही. बॉल मिळाला आणि मी जवळ असलो की पोरगा थांबायचा, वळायचा, बॉल दुसऱ्याला देऊन टाकायचा. मुंबईचा एक नवा मुलगा तर सगळा वेळ मान मागे वळवून खेळत होता, शेवटी मेपलच्या झाडावर आपटला. हसले सगळे. मी भराभर गोल केले, कारण मला कुणी अडवतच नव्हतं. असे गोल करण्यात काय मजा? बाजारात समोरच्याने पहिल्याच किमतीला मान डोलवावी, तसं ते होतं.

खेळ संपला. पोरं थालीपिठांसाठी पुढे पळाली. मी काठी फळीला टेकवली आणि गाडीकडे निघणार होतो. काका मैदानाच्या मधोमध उभे होते. आता ते बाजूला सरकणार आणि पुढे व्हा म्हणून हात करणार, म्हणून मी थांबलो. ते सरकले नाहीत.

"चल, चहा घे," ते म्हणाले, माझ्याकडे पाठ केली आणि चालायला लागले.

ते माझ्या पुढे होते. हात मागे बांधलेले, शिट्टी बोटाला लटकलेली. अंगण लांब होतं, त्यांनीच लांब केलेलं. ते हळूहळू चालले, एकदाही मागे न बघता, आणि मी त्यांच्या मागून, माझे बूट कुठे पडतायत ते बघत. स्वयंपाकघराच्या पायरीशी पोहोचल्यावर त्यांनी दार उघडून धरलं. पोरं आत होती, प्लेट भरण्यात गुंतलेली. त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नाही. काकूंनी खिडकीतून पाहिलं असावं, कारण त्यांनी मला चहा देताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

याने माझं काही भागलं नाही. मला जे हवं होतं ते चारचौघांत हवं होतं. त्यानंतर मी खेळायला गेलो नाही. काकांनीही आग्रह केला नाही.

मग काकूंचे गुडघे गेले आणि ती दोघं टेक्ससला, प्लेनोला, मुलीकडे राहायला गेली. जाताना काकांनी मला टीव्ही दिला. कागद काढला होता, पण गोंदाची रेघ पडद्याच्या मधोमध राहिली होती. ती कशानेही जात नाही, अजून आहे. काठ्या निखिल घेऊन गेला. तो पुढे नोकरीला बेलव्ह्यूला गेला, त्या वेळची पोरं सगळी कुठे कुठे पांगली. तिकडून काकूंचा फोन यायचा. "इथे बर्फ म्हणजे फक्त फ्रीजमध्ये. ह्यांना चालताना कुणी मागे आलं तरी चालतं आता. पण हॉकी बघतात. मुलीने नवा टीव्ही घेतलाय, त्याला कागद लावू देत नाही, म्हणून सोफ्यात खाली सरकून डोळ्यांसमोर उशी धरतात, खालून फक्त पाय दिसतील अशी."

लॉट टिकला. नवी पोरं येतात, त्यांना जुनं काही माहीत नसतं. दर वर्षी गिऱ्हाईक नवं, हाच या गावातला एक फायदा.

दोन हजार आठच्या सुरुवातीची गोष्ट. पुण्याहून नोकरीसाठी आलेलं एक नवं जोडपं गाडी बघत होतं. बायको आत हीटरपाशी बसली होती, नवरा बाहेर प्रत्येक टायरला लाथ मारून परत येत होता. रेडिओ लागलेला. आदल्या दिवशी पुन्हा कुणी कुणालातरी मागून पाडलं होतं आणि पुन्हा तोच वाद चालला होता. मग तो माणूस म्हणाला, "ऐका, ऐका, टेक्ससहून कोण आहे बघा. पायवाले डॉक."

काकांचा आवाज बारीक झाला होता. त्यांनी पाय कुठे होता ते सांगितलं. बंदी हवी म्हणाले. रेडिओवाल्याने विचारलं, "आणि तुमचा तो गाडीवाला? ज्याला तुम्ही सगळा हिवाळा बसवलं?"

"तो पूर्ण हिवाळा बाहेर बसला," काका म्हणाले. "रस्त्यावर, गाडीत. एकदाही बर्फावर आला नाही." मग म्हणाले, "त्याने मुद्दाम केलं नव्हतं. मला त्याच दिवशी माहीत होतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं."

रेडिओवाल्याला आनंद झाला. "म्हणजे मुद्दाम नव्हतं आणि तरी बंदी? डॉक, इतकी वर्षं तुम्ही आमच्याशी भांडलात आणि आज तुम्हीच तुमची केस बुडवलीत."

"नाही, पण मनगट..." काका म्हणाले, आणि फर्निचरच्या दुकानाची जाहिरात सुरू झाली.

जाहिरातीनंतर दुसरा कुणीतरी होता, बेसबॉलबद्दल बोलणारा.

टायर बघून नवरा आत आला. बायको म्हणाली, "आत्ता रेडिओवर कोण होते हो? ॲक्सेंट आपल्यातला वाटला."

"होते इथे एक," मी म्हणालो. "आता प्लेनोला असतात."

"कशाबद्दल चाललं होतं?"

"त्यांनी एकाला शिक्षा दिली होती. सगळा हिवाळा खेळायचं नाही."

"आणि किती द्यायला हवी होती?"

"तीन रविवार."

"चार तरी," नवरा म्हणाला. त्याला हॉकीतलं काही कळत नव्हतं, तो गाडीच्या किमतीसाठी घासाघिशीचा सराव करत होता.

"तीन," मी म्हणालो. "त्याच्यावर नाही. बोला, गाडीचं काय करायचं?"